मॅक्रो पेनड्राइव्हमध्ये ठेवू नका, त्याचं पॅकेज करा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका पालकांचं पत्र आलं होतं की मराठी माध्यमाच्या प्रश्नपत्रिका आणि गाईडं बघवत नाहीत, श कुठे देठाचा तर कुठे हिंदी वळणाचा, आकडे अर्धे मराठी अर्धे इंग्रजी, समीकरण एका पानावर आणि त्याचा प्रश्न दुसऱ्या पानावर, आणि या सगळ्याला डीटीपी करणारी पोरं जबाबदार आहेत, त्यांना भाषेचं काही पडलेलं नाही. चुका त्यांनी अगदी बरोबर दाखवल्या, पण दोष चुकीच्या माणसाला दिला असं मला मनापासून वाटतं म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा.

मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो आणि बरीच वर्षं लाटेकमध्ये मराठी पानं लावतोय, त्यामुळे शहरातल्या डीटीपी सेंटरांत आणि छापखान्यांत माझं येणं-जाणं असतं. तिथला ऑपरेटर काय करतो ते बघा की एकदा. प्रत्येक पेपरला गुण उजव्या कडेला टॅब मारून मारून नेतो, "किंवा" हातानं मधे आणतो, उपप्रश्नांचे अ, ब, क हातानं टाकतो, फाँट निवडतो, आणि सगळं झाल्यावर सर येऊन सांगतात की दुसरा प्रश्न आठ गुणांचा नाही सहाचा करा, की परत सगळं हलतं. त्या माणसाला सगळं माहीत असतं, श कसा पाहिजे ते पण माहीत असतं, पण एकदा केलेलं काम साठवून ठेवायची सोयच त्याच्याकडे नाही, रोज पहिल्यापासून सुरू. रात्री अकराला चाळिसावं पान लावताना चूक होणारच ओ, त्यात भाषेचं प्रेम कमी असण्याचा काय संबंध.

लाटेक ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मजकूर लिहायचा आणि कुठलं काय आहे ते आज्ञेने सांगायचं, हे शीर्षक, हा प्रश्न, हे समीकरण, मग प्रोग्राम पान लावून पीडीएफ देतो. डोनाल्ड कनूथ नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७७ मध्ये स्वतःच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं बघितली आणि गणिताची छपाई त्यांना इतकी वाईट वाटली की त्यांनी टाइपसेटिंगचा प्रोग्राम स्वतः लिहायला घेतला, तो टेक. त्यावर १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी मॅक्रोंचा एक मोठा संच चढवला, तो लाटेक. म्हणजे आज जगभरचे गणितवाले, फिजिक्सवाले ज्यात पेपर लिहितात ते लाटेक मुळात मॅक्रोंनीच बनलेलं आहे, ही गोष्ट आमच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना पण माहीत नसते.

मॅक्रो म्हणजे काय, तर एक छोटं नाव ठरवायचं आणि त्यामागे जे जे करायचंय ते एकदाच लिहून ठेवायचं. प्रश्नासाठी मी एक मॅक्रो केलाय, त्याला प्रश्न आणि गुण दिले की क्रमांक देवनागरीत येतो, गुण कंसात उजव्या कडेला जातात, सगळ्या गुणांची बेरीज आपोआप होऊन वर "एकूण गुण" मध्ये बसते, आणि प्रश्नाची पहिली ओळ पानाच्या तळाला एकटी राहत नाही. आराखडा बदलला की एका जागी बदल करायचा. श आणि लचंही तसंच आहे. २०२२ च्या शासन निर्णयात देठाचा श आणि पाकळीचा ल वापरायला सांगितलंय, आणि आजच्या बऱ्याच युनिकोड फाँटांत दोन्ही वळणं आतच असतात, फाँट लावताना भाषा मराठी म्हणून सांगितलं की मराठी वळण येतं, नाही सांगितलं की हिंदी. एका ओळीचा प्रश्न आहे. ती ओळ मॅक्रोत गेली की ऑपरेटरला त्याचा विचारच करावा लागत नाही, आणि पालकांची ती तक्रार तिथल्या तिथे संपते.

आता खरा मुद्दा. असे मॅक्रो मी एकट्यानेच केलेत असं नाही. सोलापुरात मला माहीत असलेले कितीतरी शिक्षक, पीएचडी करणारी मुलं, एक-दोन छापखानेवाले, सगळ्यांकडे आपापले मॅक्रो आहेत, आणि ते सगळे कुणाच्या तरी पेनड्राइव्हमध्ये पडलेत. एकानं केलेलं दुसऱ्याला मिळत नाही, मिळालं तर चालत नाही, चाललं तर पुढच्या वर्षी लाटेकची नवीन आवृत्ती आली की बंद पडतं आणि करणारा तोपर्यंत पुण्याला नोकरीला गेलेला असतो. यावर उपाय म्हणजे त्याचं रीतसर पॅकेज करून, म्हणजे मॅक्रो, त्यांचं मॅन्युअल आणि परवाना एकत्र बांधून, सीटॅनवर टाकणं. सीटॅन हे टेकच्या पॅकेजांचं जगभरचं भांडार आहे, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे, तिथे सहा हजारांच्या वर पॅकेजं आहेत, आणि मुक्त परवान्याचं पॅकेज तिथे गेलं की सहसा टेक लाइव्हमध्ये, म्हणजे टेक-लाटेकच्या तयार फुकट संचात, पण येतं, म्हणजे कुडाळचा माणूस लाटेक टाकतो तेव्हा त्याच्या मशीनवर ते आपोआप पोचतं.

मग लोक करत का नाहीत? मी पोरांना विचारतो तेव्हा सगळ्यांचं उत्तर एकच, सर कोड झाला हो, पण पुढचं लई किचकट आहे. आणि ते खरंय. मॅक्रो लिहायला एक संध्याकाळ लागते आणि त्याचं पॅकेज करायला सुट्टी जाते. पद्धत अशी आहे की कोड आणि त्याचं स्पष्टीकरण एकाच फाइलमध्ये लिहायचं, तिला डीटीएक्स म्हणतात, स्पष्टीकरणाच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला टक्क्याची खूण, मग डॉकस्ट्रिप नावाचा प्रोग्राम स्पष्टीकरण गाळून नुसत्या कोडची फाइल काढतो, आणि हा डॉकस्ट्रिप सुद्धा टेकमध्येच लिहिलेला आहे. कल्पना फार चांगली आहे, मी तिचा पूर्ण चाहता आहे, कारण कोड एकीकडे आणि माहिती दुसरीकडे असली की दोन वर्षांत माहिती जुनी होते. पण कोडचा तुकडा संपवायची जी ओळ असते तिथे टक्क्याची खूण, त्यापुढे बरोबर चार स्पेस आणि मग संपवायची आज्ञा असंच लागतं. तीन स्पेस झाल्या तर प्रोग्रामला तुकडा संपला हे कळतच नाही, तो पुढे वाचत सुटतो आणि शेवटी भलत्याच ठिकाणचा एरर देतो. दुसऱ्या वर्षाचं पोरगं हे बघून लॅपटॉप बंद करतं, आणि मी त्याला दोष देणार नाही.

दुसरं, जुन्या पद्धतीच्या मॅक्रोत ओळ संपली की टेक तिथे एक स्पेस धरतो, म्हणून ओळीच्या शेवटी टक्क्याची खूण टाकावी लागते, एका ओळीला विसरलात की छापलेल्या पानावर शब्दाच्या आधी उगाच फट दिसते आणि ती कुठून आली ते शोधता शोधता डोळे जातात. तिसरं, आवृत्तीचा नंबर आणि तारीख. ती कोडमध्ये असते, मॅन्युअलच्या पहिल्या पानावर असते, वाचा-मला फाइलमध्ये असते, बदलांच्या यादीत असते, आणि चारही जागी एकच पाहिजे. चौथं म्हणजे झिप, कुठली फाइल त्यात पाहिजे कुठली नको, परवाना लिहिलाय का, मॅन्युअलची पीडीएफ ताजी आहे का. यातलं एकही काम बुद्धीचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं आहे, आणि अशीच कामं मशीनला द्यायची असतात.

आणि ती देता येतात हे सांगायलाच मी लिहितोय. चार स्पेसचं दुखणं एडिटरमध्ये एक स्निपेट, म्हणजे तयार तुकडा, करून जातं, किंवा साध्या फाइलला टक्क्याच्या खुणा लावून देणारी पायथनची छोटीशी स्क्रिप्ट कुठलंही पोरगं एका प्रॅक्टिकलमध्ये लिहील. फटीचं दुखणं एक्स्पल-थ्री या नव्या पद्धतीने जातं, त्यात कोडमधल्या स्पेस धरल्याच जात नाहीत, खरी स्पेस पाहिजे तिथे वेगळी खूण द्यायची, आणि फेब्रुवारी २०२० पासून ते लाटेकच्या आतच असतं, वेगळं काही लोड करावं लागत नाही. शिवाय त्यात याद्या फिरवायची सोय आहे, बारा महिने, सात वार, सत्तावीस नक्षत्रं यांच्या आज्ञा एकेक करून लिहायची गरज नाही, यादी द्यायची आणि एका लूपमध्ये सगळ्या आज्ञा तयार, म्हणजे मॅक्रोनेच मॅक्रो लिहायचे. एकदा हे जमलं की माणूस परत मागे जात नाही.

आणि बाकीच्या सगळ्यासाठी एल-थ्री-बिल्ड आहे. लाटेकच्याच टीमने लुआ भाषेत लिहिलेली ही स्क्रिप्ट टेक लाइव्हबरोबर येते आणि लुआ टेक लाइव्हच्या आतच असल्यामुळे विंडोज असो की लिनक्स, वेगळं काही इन्स्टॉल करायचं नाही, आपल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये हा फार मोठा फायदा आहे कारण तिथे काही टाकायचं म्हटलं की परवानगीचा अर्ज. एक छोटी सेटिंगची फाइल लिहायची, त्यात पॅकेजचं नाव, आणि मग एका आज्ञेने मॅन्युअल बनतं, एका आज्ञेने सगळीकडची तारीख-आवृत्ती बदलते (कुठे काय बदलायचं ते एकदा सांगून ठेवावं लागतं), एका आज्ञेने चाचण्या चालून सीटॅनला लागतो तसा झिप तयार होतो, आणि तिथूनच अपलोड पण होतं.

यातल्या चाचण्यांबद्दल जरा जास्त लिहितो कारण मराठीला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने पावतीवरच्या "अक्षरी रुपये" साठी मॅक्रो केला, आकडा द्या, अक्षरात येतं. इंग्रजीत हे सोपं, वीसच्या पुढे नियमाने जोडत जायचं. मराठीत एकवीस, एकतीस, एक्केचाळीस, एक्कावन्न, एकसष्ट, एक्काहत्तर, प्रत्येक ठिकाणी एक वेगळा बोलतो, त्यामुळे नव्व्याण्णवपर्यंतचा पूर्ण तक्ता द्यावाच लागतो. एकोणीस, एकोणतीस करत करत एकोणनव्वदपर्यंत नियम नीट चालतो आणि नव्व्याण्णवला मोडतो. शंभर म्हणजे शंभर, पण एकशे एक. मधे शून्य आलं की एक लाख पाच. अकराशे लिहायचं की एक हजार शंभर, हे आधी ठरवून मॅन्युअलमध्ये सांगावं लागतं. असा तक्ता एकदा डोळ्यांनी तपासता येतो, पण पुढे कुणी कोडमध्ये हात घातला की परत कोण तपासणार? एल-थ्री-बिल्डमध्ये चाचणीची फाइल लिहायची, बरोबर आलेलं उत्तर एकदा साठवायचं, आणि नंतर प्रत्येक वेळी स्क्रिप्ट नवीन उत्तर जुन्याशी ताडून बघते, फरक पडला तर दाखवते आणि थांबते. पतसंस्थेच्या पावतीवर रक्कम चुकली तर काय होतं ते मी सोलापूरकरांना सांगायला नको. आता तर एआयला विचारून मॅक्रो लिहिणारे पण वाढलेत, लिहा, माझी काही हरकत नाही, पण मग चाचणी आधी लिहा, कारण ते मराठी आकडे बिनधास्त हिंदी करून देतं.

दुसरं एक मराठीचं दुखणं, ऱ्य आणि ऱ्हचं. "वाऱ्यावर" हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने टाइप होतो, एकात नुक्त्याचा वेगळा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण पीडीएफमध्ये शोधलं की एक सापडतो आणि एक सापडत नाही, सूचीत तोच शब्द दोनदा येतो. पान लावायच्या आधी सगळं एका तऱ्हेला आणणारी स्क्रिप्ट अगदी छोटी असते. सूचीचं तर अजून एक, नुसत्या युनिकोडच्या क्रमाने लावलं तर ळ हा लच्या लगेच पुढे, वच्या आधी येतो आणि क्ष कच्या पोटात जातो, आपल्याकडे ह, ळ, क्ष, ज्ञ शेवटी असतात. मराठी क्रम समजणारी साधनं आहेत, पण ती जोडून, तपासून, मराठीत मॅन्युअल लिहून कुणीतरी द्यायला पाहिजे ना. संदर्भग्रंथ काढणाऱ्यांना विचारा, सूची हातानं लावताना किती जीव जातो.

हे सोलापुरातच व्हावं असं मला का वाटतं तर आपल्याकडची गरजच वेगळी आहे. पूर्व भागात एकाच लग्नपत्रिकेवर मराठी आणि तेलुगू, अक्कलकोट रोडला मराठी आणि कन्नड, शाळेच्या नोटिशीत उर्दू. तेलुगू, कन्नड, देवनागरी यांचे युनिकोडचे पट्टे वेगळे आहेत, त्यामुळे अक्षर बघून भाषा आणि फाँट आपोआप बदलायची सोय लुआटेकवर (टेकचाच लुआ भाषा जोडलेला प्रकार) भाषा सांभाळणारं बेबेल पॅकेज देतं, फक्त ती आपल्या पत्रिकेला, आपल्या नोटिशीला बसेल अशी करून घ्यायची आहे. पुण्या-मुंबईत बसलेल्याला ही गरज सुचणार नाही. पंचांगाचं गाव आहे आपलं, दाते पंचांग इथलं, तक्त्यांची पानं म्हणजे काय हे इथल्या छापखान्यांना कुणी शिकवायला नको. आणि चादरीच्या गावाला पॅकेज म्हणजे काय हे पण समजवायला नको, डिझाइन एकदा कार्डांवर पंच केलं की जकार्ड तेच डिझाइन हव्या तेवढ्या चादरींवर विणतं, पण कार्डं क्रमाने ओवून, नंबर टाकून ठेवलेली नसतील तर दुसऱ्याच्या मागावर त्यांचा काही उपयोग नाही.

ज्यांचं काम इनडिझाइन किंवा कोरलवर चाललंय त्यांनी ते फेकून लाटेक घ्यावं असं मी म्हणत नाही. रंगीत जाहिरात, पत्रिकेचं मुखपृष्ठ तिथेच चांगलं होतं आणि इनडिझाइनला पण स्क्रिप्ट लिहिता येतात, त्या लिहा. पण प्रश्नपत्रिका, प्रबंध, पावत्या, अहवाल, सूची, जिथे तोच साचा शंभरदा लागतो तिथे मॅक्रोला पर्याय नाही.

आता अडचण कुठे येते ते पण सांगतो. वर सांगितलेल्या मुलीने हे काम फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून द्यायचं ठरवलं तर तिच्या कॉलेजात सांगितलं गेलं की हा प्रोजेक्ट धरता येणार नाही, यात अ‍ॅप कुठाय, वेबसाइट कुठाय. तिने मग हजेरी घेणारं अ‍ॅप केलं, जे तिच्या वर्गात अजून चार जणांनी केलं होतं. मला याचं फार वाईट वाटलं. ज्या पॅकेजला कोड आहे, मॅन्युअल आहे, चाचण्या आहेत, परवाना आहे, आवृत्तीचा इतिहास आहे आणि जे उद्या कोल्हापूर-नागपूरचा माणूस वापरणार आहे ते प्रोजेक्ट नाही तर मग प्रोजेक्ट कशाला म्हणायचं?

म्हणून माझी मागणी साधी आहे. आपल्या सोलापूर विद्यापीठाने आणि इथल्या इंजिनिअरिंग, बीसीए, बीसीएसच्या कॉलेजांनी सीटॅनने स्वीकारलेलं पॅकेज प्रोजेक्ट म्हणून धरावं, त्यासाठी खर्च शून्य आहे, सगळी साधनं फुकट आहेत. मराठी विभाग आणि कॉम्प्युटर विभागाने मिळून मार्गदर्शक द्यावेत, कारण श कुठला आणि "अकराशे" की "एक हजार शंभर" हे कॉम्प्युटरवाल्याने एकट्याने ठरवू नये. प्रबंधाचा नमुना म्हणून विद्यापीठ वर्डची फाइल देतं, त्याबरोबर लाटेकचा क्लास, म्हणजे प्रबंधाचा तयार साचा, पण द्यावा, मार्जिन आणि मुखपृष्ठासाठी मुलांच्या चकरा वाचतील.

आणि छापखानेवाल्यांना, डीटीपीवाल्यांना एक विनंती. तुम्ही रोज हातानं काय काय परत परत करता ते लिहून काढा, पावती असेल, वार्षिक अहवालातला ताळेबंद असेल, सोसायटीची नोटीस असेल, आणि ते या पेपरच्या ऑफिसात आणून द्या. संपादक साहेबांनी परवानगी दिली तर ती यादी मी गोळा करेन आणि दिवाळीनंतर रविवारी सकाळी ज्यांना यायचंय त्या मुलांना घेऊन एकेक विषय पॅकेजपर्यंत नेऊ. जागा म्हणून एखाद्या कॉलेजची लॅब मिळाली तर उत्तम, हिराचंद नेमचंद वाचनालयात बसायला मिळालं तरी चालेल, लॅपटॉप मुलं आणतील. पहिल्यांदा "अक्षरी रुपये" घेऊ, कारण कोड तयार आहे, चाचण्या अर्ध्या झाल्यात, मॅन्युअल मराठीत लिहायचं राहिलंय.

आपला,
एक गणित शिक्षक,
जुळे सोलापूर